शेवंताची पेशंट

"मॅडम, माझा आज उपवास आहे," दीपाली म्हणाली.

"कसला गं?"

"बुधवारचा."

"बुधवारचा उपवास मी तरी पहिल्यांदाच ऐकतेय. आणि मनीषा, तुझं काय?"

"माझं तोंड आलंय मॅडम. घास लागतो."

"मघाशी जिन्यात चिवडा खात होतीस, तो लागला नाही?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मी तेव्हा हॉलच्या एका टोकाला स्टुलावर उभा राहून पडद्यांना नवं कापड चढवत होतो. दवाखान्यात कॉटच्या बाजूला आडोशाला चाकांचे लोखंडी पडदे असतात, ते. मी शिंपी. नर्सिंग कॉलेजच्या फाटकासमोर माझं दुकान होतं. मुलींचे गणवेश, चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, सगळं काम माझ्याकडे असायचं. आणि मुलींना जी विचारत होती ती माझी बायको, सुमती. ती तिथे शिकवायची. मुली तिला बगाडे मॅडम म्हणायच्या आणि मला मास्तर. शिकलेली मी आणि मास्तर हे, असं ही लोकांना सांगायची.

त्या दिवशीचा धडा पेशंटला भरवायचा होता. ऐकायला सोपं वाटतं, पण हिचे त्याचे नियम होते. हात धुवायचे. पेशंटच्या हनुवटीखाली टॉवेल लावायचा. उभ्यानं भरवायचं नाही, स्टूल ओढून बसायचं. घास अर्धा चमचा. पेशंटचा गळा हलला की मगच पुढचा. आणि दर घासाला विचारायचं, अजून देऊ का. मुलींनी हे एकमेकींवरच शिकायचं अशी पद्धत होती. एकीनं चप्पल काढून कॉटवर झोपायचं, ती पेशंट. दुसरीनं तिला भरवायचं. मग उलट. नाडी, ताप, रक्तदाब, अंग पुसणं, सगळं असंच. मेसमधून मऊ भाताचं पातेलं आलं होतं आणि मुली आपापल्या जोड्या करून बसल्या होत्या.

एका कॉटवर मात्र तिघी होत्या. दीपाली, मनीषा आणि ललिता कुंभार. शेवटच्या कॉटपाशी भाताची थाळी हातात धरून शेवंता काळे एकटी उभी होती. तिची कॉट रिकामी होती. तिच्या पलीकडे कोपऱ्यात पुतळा झोपवलेला होता. नवीन मुली आधी त्याच्यावर हात बसवायच्या. मुलींनीच त्याचं नाव गंगूबाई ठेवलं होतं.

शेवंता पारध्याची पोर. गावाबाहेर पालं पडतात, तिथली. आश्रमशाळेत शिकली, बारावी झाली आणि आमच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. उंच होती, आवाज हळू. तिच्या गणवेशाचं माप देताना ही मला म्हणाली होती, बाही जरा लांब ठेवा, हातभर गोंदलंय तिच्या, मुली नुसत्या बघत राहतात. वसतिगृहात ती खोलीत शिरली की पेट्यांची कुलपं वाजायची, हेही मला हिनंच सांगितलं होतं.

"ललिता, तू?" हिनं तिसरीला विचारलं. "तुझं काय आलंय? तोंड का उपवास?"

ललिता बारकी, गोरी पोरगी होती, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिनं मान खाली घातली. मी उंचावर उभा असल्यामुळे मला तिचे पाय दिसत होते. तिचा एक पाय कॉटवरून खाली आला होता आणि चप्पल शोधत होता.

शेवंताच्या थाळीतला चमचा किणकिणत होता, एवढाच आवाज.

हिला ते बघवलं नाही. हिनं हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं, पदर खोचला, चप्पल काढली आणि सरळ शेवटच्या कॉटवर जाऊन आडवी झाली.

"चल गं शेवंता. मला भूक लागलीय. भरव."

मुली बघत राहिल्या. शेवंतानं टॉवेल लावला, स्टूल ओढलं, बसली. पहिला घास देताना थोडा भात हिच्या गालावर सांडला. "असू दे, पुस आणि पुढे चल," ही म्हणाली. दुसऱ्या घासाला शेवंतानं विचारलं, "अजून देऊ का, मॅडम?"

"मॅडम नाही. मी पेशंट आहे."

"अजून देऊ का, बाई?"

"दे."

हिनं ती सगळी थाळी संपवली. मी मोकळा झालो आणि पडदे ढकलत भिंतीला लावले.

संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून ही सारखी बोलत होती. "बघितलंत? एकेकीची तोंडं बघितलीत? बुधवारचा उपवास म्हणे! आता कुणाची हिंमत होणार नाही."

"मीठ कमी होतं का भातात?"

"अळणी होता नुसता. पण मी चाटून खाल्ला."

मला हिचा अभिमान वाटला. घरी गेल्यावर मी मुद्दाम कांद्याची भजी तळायला लावली आणि आम्ही दोघं गॅलरीत बसून खाल्ली.

त्यानंतर ते ठरूनच गेलं. जोड्या लावायची वेळ आली की शेवंता शेवटच्या कॉटपाशी जायची आणि ही चप्पल काढून झोपायची. कुणाला विचारावं लागायचं नाही, कुणाला उपवास धरावा लागायचा नाही. शेवंतानं हिची नाडी बघितली, ताप बघितला, हाताला पट्टी बांधली, हिचे केससुद्धा कॉटवर झोपवून धुतले. त्या दिवशी ही ओले केस घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "काय हात आहे पोरीचा! मला झोपच लागली."

त्या वर्षातली एक गोष्ट मला आठवते. शेवंता एकदा दुकानात गणवेश घेऊन आली होती.

"मास्तर, बाही आखूड करायचीय."

"का गं? मॅडमनी लांब ठेवायला सांगितली होती."

"धुताना भिजते. आणि गोंदण काय जाणार नाही. बघू दे ज्यांना बघायचंय त्यांना." मग तिनं काउंटरवरची माझी टेप गुंडाळायला घेतली. "मास्तर, मॅडम घरी गोळी वेळेवर घेतात का?"

"कसली?"

"प्रेशरची. काल वाढलं होतं. मी सांगितलं तर मलाच म्हणाल्या, तू नीट बघितलं नसशील."

"आणि तू बघितलं होतंस नीट?"

"मॅडमचं प्रेशर मला पाठ झालंय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं अजून बघितलेलंच नाही."

ती हसली म्हणून मीही हसलो. बाही मी आखूड करून दिली.

वर्ष संपलं, परीक्षा आली. लेखी झाली आणि मग प्रात्यक्षिक. त्याला बाहेरगावच्या कॉलेजातून एक मॅडम परीक्षक म्हणून यायच्या आणि त्यांच्या बरोबरीनं ही बसायची. त्या दिवशी ही घरी आली ती पर्स खांद्यावरून न काढताच ओट्याला टेकून उभी राहिली.

"झाली परीक्षा?"

"झाली."

"शेवंताला काय आलं?"

"भरवायचं."

"मग सुटली की! ते तर तिला..."

"पेशंट ललिता होती," ही म्हणाली. "नंबराप्रमाणे जोड्या लावल्या त्यांनी. काळे आणि कुंभार. ललिता म्हणाली, उपवास आहे."

"परीक्षेत?"

"आज चतुर्थी आहे ना."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. खरंच चतुर्थी होती.

"ललिता धरते चतुर्थी?"

"दीपाली धरते. तिनं बाप्पाला हात जोडले आणि तिच्या जोडीदारणीच्या हातचं खाल्लं, परीक्षा आहे म्हणून. ललिता कधीच धरत नाही."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. हिनं घेतला नाही.

"बाहेरच्या मॅडमना गाडी गाठायची होती. त्या म्हणाल्या, पुतळा आहे ना, मग पुतळ्यावर करू दे, त्यात काय एवढं. मी उठले. पदर खोचला आणि कॉटकडे निघाले, सवयीनं. तर त्या म्हणतात, अहो बगाडे, तुम्ही परीक्षक आहात, पेशंट नाही. मुली हसल्या."

"मग?"

"मग काय. भात घालायचा नाही, पुतळा खराब होतो. रिकामा चमचा. तिनं हात धुतले. टॉवेल लावला. स्टूल ओढून बसली. रिकामा चमचा ओठांना लावायची, थांबायची, गळ्याकडे बघायची."

"पुतळ्याच्या?"

"पुतळ्याच्या. आणि विचारायची, अजून देऊ का, गंगूबाई? मुली पहिल्यांदा हसल्या. नंतर हसायच्या थांबल्या. तिनं एक पायरी सोडली नाही. शेवटी तोंड पुसलं त्याचं."

"मार्क?"

"सगळ्यांत जास्त."

हिनं पर्स काढून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. मला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा चहा व्हायच्या आत वसतिगृहाची हौसाबाई दारात आली. ती तिथे झाडलोट, पाणी बघायची. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"मॅडम, ती तुमची शेवंता निघाली बघा पेटी घेऊन. मी म्हटलं निकाल तर लागू दे, तर ऐकंना. स्टँडवर गेली असंल आतापर्यंत."

मी स्कूटर काढली. ही घरातल्या साडीवरच मागे बसली.

शेवंता स्टँडच्या खांबाला टेकून खाली बसली होती, शेजारी पत्र्याची पेटी. अंगावर गणवेश नव्हता, साधी निळी साडी होती. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली.

"कुठं निघालीस?" हिनं विचारलं.

"तुळजापूरच्या गाडीनं. आई तिकडंच आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, गणवेश धुऊन हौसामावशीकडं ठेवलाय. कुणालातरी होईल. उंची तेवढी कमी करावी लागेल."

"गणवेशाचं सोड. पेटी उचल आणि चल परत," ही म्हणाली. "पहिली आलीस तू. तुला सांगायचं नसतं, पण सांगते. पहिली."

"गंगूबाईला भरवून."

"कुणी बोललं का तुला काही? नाव सांग मला."

"कुणी काही बोलत नाही, मॅडम. तेच तर. कुणी काहीच बोलत नाही."

"मग मी आहे ना! मी कुठं गेलेय? वर्षभर होते का नाही तुझ्याबरोबर?"

शेवंतानं खाली बघितलं. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, राग येऊ देणार नाही ना?"

"बोल."

"तुम्ही होतात, म्हणून झालं हे."

हिला ते कळलंच नाही. मलाही नाही. एक गाडी मागे घेत होते आणि कंडक्टर शिट्टी मारत होता. ती गाडी जाईपर्यंत शेवंता थांबली.

"पहिल्यांदा भरवायचं शिकवलंत ना, त्या दिवशी," ती म्हणाली. "दीपाली नाही म्हणाली. मनीषा नाही म्हणाली. मग तुम्ही ललिताला विचारलंत. ललिता उठत होती."

"ललिता? ती तर मान खाली घालून..."

"मान खाली घालून चप्पल शोधत होती, मॅडम. मी दुसरीकडे बघतच नव्हते. तिचा पायच बघत होते. एक चप्पल घातली तिनं. दुसरी कॉटखाली गेली होती, ती पायानं ओढत होती. तेवढ्यात तुम्ही येऊन झोपलात. मग तिनं घातलेली पण काढली आणि पाय वर घेतला."

हिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही होतात तिथं. पडदे लावत होतात."

"हो," मी म्हणालो.

"खरं सांगतेय ती?"

मला तो पाय दिसला होता. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. एखादी मुलगी चप्पल शोधते, त्यात काय वाटायचं. "खरं आहे," मी म्हणालो.

ही खांबाला हात लावून उभी राहिली. "तू सगळ्यांसमोर एकटी उभी होतीस गं," ती म्हणाली. "थाळी कापत होती तुझ्या हातात. मला बघवेना."

"मला सवय होती उभं राहायची. मी राहिले असते अजून."

"मला काय माहीत..."

"तुम्ही चांगल्याच मनानं केलंत. मला माहितेय. त्या दिवशी रात्रभर मी हसत होते एकटीच, मॅडमनी माझ्या हातचं खाल्लं म्हणून. पण मग रोज तुम्हीच. त्यांना परत कुणी विचारलंच नाही. ललिता वाईट नाही. दोनदा मला पाण्याची बादली भरून ठेवली होती तिनं. पण तिनं वर्षभर बघितलं की शेवंताला मॅडम आहेत. मग तिला आता कशाला उठायचं?"

"मी आज विचारते," ही म्हणाली. तिचा आवाज चढला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. "आत्ता जाऊन सगळ्यांना एका ओळीत बसवते. बघतेच कोण खात नाही ते."

"आता त्या खातील. तुम्हाला घाबरून. तसलं मला भरवायचं नाही."

"दोनच वर्षं उरलीत, शेवंता."

"दोन वर्षं तुमचंच प्रेशर बघू?" शेवंता म्हणाली आणि हसली. पण डोळ्यांत पाणी आलं होतं. "आणि पुढं दवाखान्यात लागल्यावर? तिथं कुठल्या कुठल्या कॉटवर झोपाल, मॅडम?"

तुळजापूरची गाडी लागली. माणसं दाराशी धावली. मी पेटी उचलायला वाकलो, म्हणजे मला ती परत न्यायची होती का गाडीत चढवायची होती, ते माझं मलाच कळत नव्हतं. शेवंतानं माझ्या हातातून ती हळूच काढून घेतली.

ती हिच्या पाया पडली. उठताना तिनं हिचं मनगट धरलं, आणि तिची बोटं सवयीनं नाडीवर गेली. थोडा वेळ तशीच थांबली.

"फार जोरात चाललीय," ती म्हणाली. "घरी गेल्यावर गोळी घ्या. मास्तर, द्या त्यांना."

ती चढली. खिडकीची जागा तिला मिळाली नाही, म्हणून ती दिसली नाही. गाडी फाटकाबाहेर पडली तरी ही तिथेच उभी होती. एका हमालानं "बाजूला व्हा बाई" म्हटलं तेव्हा हलली.

येताना स्कूटरवर तिनं माझ्या पाठीला कपाळ टेकवलं होतं. तसं ती कधी करत नसे. गावात सगळे ओळखतात म्हणायची.

पुढे आम्ही शेवंताला शोधायला गेलो. एकदा नाही, कितीतरी वेळा. सुट्टी लागली की ही म्हणायची, चला. तुळजापूरच्या अलीकडे माळावर पालं होती असं कळलं. आम्ही गेलो तर तिथे नुसत्या चुली आणि चिंध्या. कुणी सांगितलं लातूरकडे गेले, कुणी सांगितलं पुण्याला, कामावर. शेवंता नावाची नर्सिंग शिकलेली मुलगी म्हटल्यावर लोक आमच्याकडेच संशयानं बघायचे. ती पुन्हा दिसली नाही. ती कुठे आहे, काय करते, मला आजही माहीत नाही.

ललिता एकदा घरी आली होती. सोफ्याच्या टोकाला बसून रडली. ही तिला रागावली नाही. "चप्पल शोधत होतीस ना तू?" एवढंच हिनं विचारलं. ललितानं मान हलवली आणि आणखीच रडायला लागली. मग हिनं तिला चहा करून दिला.

त्यानंतर ही कधी कॉटवर झोपली नाही. पुढच्या वर्षीच्या मुलींत एक मुंब्र्याहून आलेली होती, शबाना नावाची. दुसरी नंदुरबारकडची, तिची भाषा कुणाला कळायची नाही. पुन्हा तेच. कुणाचं पोट दुखायचं, कुणाला मळमळायचं. मी उशांचे अभ्रे द्यायला गेलो होतो, तेव्हा बघितलं. ही खुर्ची ओढून हॉलच्या मध्ये बसली होती, हात मांडीवर. शबाना थाळी घेऊन उभी होती. भात गार झाला. बाहेर पुढच्या तासाची घंटा झाली. कुणी हललं नाही, आणि हीही हलली नाही. तिच्या मनगटाची शीर उडताना मला दारातून दिसत होती. मला वाटलं, जावं आणि आपणच झोपावं त्या कॉटवर. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली, "सरका गं," म्हणाली, आणि जाऊन आडवी झाली. ही खुर्चीतून उठली ती सरळ बाहेर व्हरांड्यात आली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

निवृत्त होईपर्यंत तिनं तसंच केलं. दर वर्षी. तिला त्याचा त्रास व्हायचा.

मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मऊ द्या आणि सावकाश द्या, ठसका लागू देऊ नका. मुलगी नागपूरहून आली, राहिली, तिला परत जावं लागलं. मग आम्ही दोघंच. मी मऊ भात करायला शिकलो. पहिल्या दिवशी मी वाटी घेऊन कॉटशी उभा राहिलो आणि चमचा पुढे केला, तर तिनं तोंड मिटून घेतलं. मला वाटलं भूक नाही. तिनं डाव्या हातानं स्टुलाकडे बोट केलं. मी बसलो. मग तिनं तोंड उघडलं.

असं तिनं मला सगळं शिकवलं. टॉवेल. अर्धा चमचा. गळा हलेपर्यंत थांबणं. जीभ जड झाली होती, पण माझं तिला आणि तिचं मला कळायचं. एकदा मी विचारायला विसरलो तर तिनं तसंच तोंड मिटलं. मी म्हणालो, "अजून देऊ का, बाई?" तेव्हा ती हसली. अर्ध्याच तोंडानं, पण हसली.

शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. मला कधी भाऊ म्हणायची, कधी नुसतीच बघत राहायची. ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दुपार होती. खिडकीतून ऊन तिच्या पायावर आलं होतं. मी भात कालवून आणला, टॉवेल लावला, स्टूल ओढून बसलो. तिनं दोन घास घेतले. तिसऱ्याला मी विचारलं, अजून देऊ का, तर तिनं माझ्याकडे नीट बघितलं. बऱ्याच दिवसांत तसं बघितलं नव्हतं.

"शेवंता," ती म्हणाली.

मी तिच्या हनुवटीखालचा टॉवेल सारखा केला.

"शेवंता, ललिता उठली का गं?"

माझ्या हातात चमचा होता. तो वाटीला लागून वाजायला लागला, म्हणून मी वाटी खाली ठेवली.

"उठली, मॅडम," मी म्हणालो.

"चप्पल घातली?"

"घातली. येतेय."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग तिनं डाव्या हातानं कॉटची कड धरली आणि अंग वर ओढायला लागली.

"सरक मग," ती म्हणाली. "मी उठते."

मी तिला पाठीमागून धरलं. उठायची ताकद तिच्यात नव्हती, पण ती थांबेना. डावा पाय तिनं कॉटवरून खाली सोडला. तो पाय फरशीवर इकडे तिकडे फिरत होता. तिच्या चपला मी झटका आल्यापासून कॉटखाली तशाच ठेवल्या होत्या.

मी तिला उशीला टेकवलं, खाली बसलो आणि तिच्या पायात चप्पल घातली.